बशीमागचं स्टिकर

बर्लिनला नवीन होतो तेव्हा एका रविवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे आपला जुना बाजार, सेकंडहँड सायकल बघायला गेलो आणि बशी घेऊन आलो. पांढरी बशी, मधे 1914चा आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन सैन्याचं शौर्यपदक, काठाला काळा-पांढरा-लाल पट्टा. पहिल्या महायुद्धात इकडे असली देशभक्तीची क्रोकरी भरपूर निघाली, कशावर कैसर विल्हेल्म आणि ऑस्ट्रियाचा फ्रान्झ योझेफ शेजारी शेजारी, कशावर हिंडेनबुर्ग, म्हणजे कॉफी पिता पिता सेनापतीच्या मिशा बघायच्या.

घरी आलेला प्रत्येक जण विचारतो, अरे हिटलरचं काय जमवतोयस? नाही हो. 1914च्या क्रॉसवर वर मुकुट, मधे विल्हेल्मचा डब्ल्यू, खाली साल. 1939च्या क्रॉसमधे स्वस्तिक असतं, ते मी घेत नाही, आणि इथे ते उघड मांडलं तर कायद्याची भानगड, म्हणून बाजारात विक्रेते त्यावर स्टिकर चिकटवून ठेवतात. त्यामुळे माझ्या बशीच्या मागे किमतीचं स्टिकर होतं त्याचं मला काहीच वाटलं नाही. घरी कोमट पाण्यात भिजवून काढलं तर खाली छाप, वेस्टर्न जर्मनी! आता हा देशच 1949चा. पस्तीस युरो गेले.

मग शिकलो. हे चित्र बहुतेकदा छापील ट्रान्सफर असतं, ग्लेझवर, म्हणजे बशीच्या चकचकीत थरावर, चिकटवून परत भट्टीत घालतात, त्यामुळे जुन्या कोऱ्या बशीवर कोणीही नंतर क्रॉस चढवू शकतो. म्हणून भिंग घेऊन सुरीचे ओरखडे बघायचे, ते चित्रावरून गेले असतील तर ठीक, चित्राच्या खालून गेले असतील तर चित्र नंतरचं. आणि टिचकी मारायची, माठ घेताना मारतो तशीच, आवाज बद्द आला की कुठेतरी तडा आहे.

यंदा एका आजोबांकडून कप मिळाला. क्रॉस, ओकची पानं, तळाला रोझेनथाल या पोर्सेलिन कंपनीचा छाप, रोझेनथाल, झेल्ब-बव्हेरिया. उजव्या हाताने धरल्यावर जिथे ओठ लागतो तेवढ्याच जागी सोनेरी काठ झिजलेला, ते बघितल्यावर घासाघीस करायची इच्छाच झाली नाही.

वेस्टर्न जर्मनी खिडकीत तुळशीच्या कुंडीखाली आहे.