भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांच्या सावलीत

तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरी ओलांडली की भंडारा डोंगराचा फाटा लागतो. एमआयडीसीकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगेतून गाडी कशीबशी बाहेर काढली आणि डोंगराच्या पायथ्याशी लावली. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण मला पायऱ्यांनीच जायचं होतं. बाबांची बायोप्सी झाली होती, रिपोर्ट यायचा होता. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. फोन वाजला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. शेवटी आईच म्हणाली, "जरा तुकोबांकडे जाऊन ये. इथे बसून काय करणारेस?"

माघ महिना होता. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला. त्या दशमीला डोंगरावर मोठा सोहळा होतो, गाथेचं पारायण होतं. त्याची तयारी चालली होती. मांडवाचे खांब उभे राहत होते आणि नव्या दगडी मंदिराचं कामही सुरू होतं. त्या गडबडीतून मी कातळात कोरलेल्या जुन्या गुहांकडे गेलो. तुकोबा देहूहून इथे येऊन चिंतनात बसत. वरून इंद्रायणीचं खोरं दिसतं. ते बसत तेव्हाही हेच खोरं समोर असणार, फक्त कारखान्यांच्या पत्र्यांशिवाय.

गुहेत एक आजी बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर फडक्यात बांधलेली गाथा. मला बघून सरकल्या. "बसा माउली." थोड्या वेळाने गाथा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "डोळं दुखाया लागलं. तुम्ही वाचता का?" खुणेला तुळशीची वाळलेली काडी होती. पान उघडलं तर तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग. 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' इथे माझा आवाज अडकला. आजींनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वाचा पुढं."

हा १६३०च्या सुमाराचा दुष्काळ. दख्खनमध्ये गावंच्या गावं ओस पडली. तुकोबा तेव्हा विशीतले. घरचं वाण्याचं दुकान बुडालं, सावकारी बुडाली, पत्नी रुक्माबाई गेली, मुलगा संतूही गेला. आणि पुढे लगेच काय येतं, तर 'देवाचें देऊळ होतें जें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥' घर उद्ध्वस्त झालेलं असताना हा माणूस विठ्ठलाचं पडकं देऊळ सावरायला उभा राहतो! ते देऊळ त्यांच्याच घराण्यातलं, पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेलं. पुढे लोकांकडून येणं असलेली आपल्या वाट्याची कर्जखतंही त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते.

मला 'देवावर भरवसा ठेवा, सगळं चांगलं होईल' हे बोलणं कधीच पटलं नाही. तुकोबांचं सगळं चांगलं झालं नव्हतं. गेलेली माणसं परत आली नाहीत. पण त्यांना विठ्ठल असा मिळाला की ज्याच्याशी भांडता येतं, ज्याला दोष देता येतो, ज्याच्या पायाशी पडून रडता येतं. गाथेत हे सगळं आहे, काहीही झाकलेलं नाही. मी मात्र इतके दिवस देवासमोर नुसते हात जोडत होतो आणि शहाण्यासारखा गप्प राहत होतो. त्या दिवशी आजी उठून गेल्यावर मी तिथे मोठ्याने बोललो. बाबा जातील याची भीती वाटते, हे सांगितलं. त्यांच्याशी नीट बोलायचं राहून गेलंय, हेही सांगितलं. बोलताना रडलो. भीती गेली नाही, पण छातीवरचा दगड हलला. बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास घेतला आणि भूकही लागली.

उतरून देहूला गेलो. गाथा इंद्रायणीत बुडवल्या तेव्हा ज्या शिळेवर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, ती शिळा तिथे आहे. तिच्यावरचं आताचं शिळा मंदिर २०२२ साली झालं. मी कठड्याला टेकून बराच वेळ बसलो. गाथा मंदिरातही डोकावलो. तिथे भिंतीभर अभंग कोरलेले आहेत आणि ते बघायला पुरा दिवस हवा.

रिपोर्ट आला. जे ऐकायचं नव्हतं, तेच त्यात होतं. उपचार सुरू झालेत. संध्याकाळी आम्ही दोघं गाथेतले दोन-चार अभंग वाचतो. एक मी, एक बाबा. मधे कधीतरी ते थांबतात आणि आपल्या मनातलं बोलतात, तेव्हा गाथा बाजूला ठेवून मी ऐकतो. केमोची ही फेरी संपली की त्यांना भंडाऱ्याला जायचंय. पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, तेव्हा या वेळी वरच्या रस्त्यानेच जाऊ.