शॉक मारणारा बेस

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बेस गिटारींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जॅक ढिला झालाय, पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) खरखरतंय, पावसाळ्यात नेक वाकून तारा उचलल्या गेल्यात, नाहीतर अ‍ॅक्टिव्ह बेसची बॅटरी आठवड्यात उतरतेय. या शेवटच्या तक्रारीचे मी हल्ली पैसेच घेत नाही. त्या बेसला बॅटरीचा वेगळा स्विच नसतो. जॅकमध्ये पिन खुपसली की बॅटरी चालू, काढली की बंद. रात्रभर पिन आत ठेवून झोपणाऱ्याला नवी बॅटरी काय आणि जुनी काय!

हा उद्योग रविवारचा. पोटापाण्याला मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि कार्यक्रम असेल तेव्हा संध्याकाळी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस धरतो. कारखान्यात साधी ग्राइंडरची वायर सोलवटली तरी आम्ही मशीन बंद ठेवतो. स्टेजवर मात्र चिकटपट्टी लावून शो पार पडतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गणपतीतल्या रविवारी सकाळीच एक पोरगा बेस घेऊन दारात. ऑर्केस्ट्रात नवीन, बेस वाजवतो आणि कोरसही गातो. “काका, हमिंग फार येतंय. संध्याकाळी सोसायटीत प्रोग्रॅम आहे. तेवढं बघता का?”

जॅझ बेसच्या धाटणीचा, दोन पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांखालची, आवाज टिपणारी चुंबकाची गुंडाळी) बेस होता. माझ्या छोट्या अ‍ॅम्पला लावला. हमिंग, म्हणजे मागे सतत घुमणारा आवाज, होतंच, चांगलं भरघोस. आपल्याकडे मेनची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हे हमिंग नेहमी एका ठरावीक सुरात येतं. ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवर जी वाजवला की 49 हर्ट्झ, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी पाचचा खालचा, अगदी खालचा सूर. हमिंग त्याच्या किंचित वर, जरा चढं. कान तयार झाला की गाण्यात नेमक्या या जी सुरावर बेस गढूळ का लागतो तेही कळतं.

या बेसमधले दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांची चुंबकंही उलटी असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एकाचं हमिंग दुसऱ्याचं हमिंग खाऊन टाकतं. उघडून पाहिले. आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग तारांवर तळहात ठेवला. फरक शून्य. मग केबलच्या पिनच्या धातूला बोट लावलं, आणि हमिंग लगेच खाली बसलं.

एवढ्यावर रोग समजला. आपलं शरीर आजूबाजूच्या वायरिंगचं हमिंग गोळा करत असतं आणि बेस पोटाशी धरला की ते पिकअपपर्यंत पोचवतं. म्हणून ब्रिजखालून, म्हणजे तारा जिथे बॉडीला अडकवतात त्या धातूच्या पट्टीखालून, एक वायर लाकडातल्या भोकातून आत आणून ग्राउंडला जोडलेली असते. तारेला हात लागला की तुम्हीच ग्राउंड होता आणि बेस शांत होतो. इथे ती वायर जागेवर नव्हती.

प्लेट उघडली. वायर होती, पण पॉटच्या पाठीपासून दोन बोटं अलीकडे कटरने साफ छाटलेली. टोकावर काळी स्लीव्ह चढवून, गरम करून, नीट आवळलेली. तुटलेली वायर आणि कापलेली वायर यांतला फरक लगेच दिसतो. तुटलेलीच्या तारा विस्कटलेल्या असतात, सोल्डरचा गोळा टोकाला लोंबत असतो. ही कुणीतरी विचार करून कापली होती.

“ही कुणी कापली रे?”

पोरगा चाचरला. मग चहा पिता पिता सगळं बाहेर आलं. काही दिवसांपूर्वी एका मंडपात गाताना त्याचे ओठ माइकला लागले आणि कुणी फाडकन मुस्काटात मारावी तसा तो मागे फेकला गेला. साउंडवाला म्हणाला, तुझा बेस शॉक मारतो, दुरुस्त करून घे. पुढच्या कार्यक्रमाला काहीच झालं नाही. त्याच्या पुढच्याला पुन्हा बसला. मग त्याने बेस एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, आणि त्याने ही वायर कापून दिली.

“मग आता शॉक नाही बसत?”

“तारांना नाही बसत. पण काका, नॉब फिरवताना कधी कधी हात झिणझिणतो.”

अशा बिनबॅटरीच्या, पॅसिव्ह बेसमध्ये स्वतःची वीज जवळजवळ नसतेच. पिकअपमधून निघतात ते काहीशे मिलिव्होल्ट. 230 व्होल्ट आत यायचे तर एकाच वाटेने, केबलमधल्या वायरीभोवतीच्या धातूच्या जाळीतून, म्हणजे अ‍ॅम्पच्या बॉडीवरून. ब्रिजची वायर कापल्यावर तारा सुटल्या, पण जॅक आणि नॉबखालची धातूची अख्खी प्लेट त्याच जाळीला जोडलेली होती. उजवा हात तिथेच तर असतो!

त्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. ओळखीचा आहे, हात चांगला आहे. म्हणाला, “काका, पोराचा जीव तर वाचवला की नाही?” याला मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. अर्धं तर तो खरं बोलत होता. काही लोक त्या वायरीत 220 किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर छोटा कपॅसिटर घालतात. मग हमिंगही बसतं आणि तारेतून येणारा करंटही अडतो. मला तेही पटत नाही, कारण मग साउंडवाला निर्धास्त होतो आणि खरी चूक मंडपातच राहते. 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी माइकला हात लावताना भर स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. आपल्याकडचे गायक माइकला रुमाल गुंडाळून धरतात ना, काहींची ती स्टाइल असते, पण पुष्कळांनी कधीतरी चटका खाल्लेला असतो.

वायर परत पॉटच्या पाठीला सोल्डर केली. पॉटचं पत्र्याचं टोपण सगळी उष्णता पिऊन टाकतं, 25 वॉटच्या आयर्नने तिथे नुसता भुरकट गोळा चिकटतो आणि महिन्यात सुटतो. कानशीने टोपण घासून, 60 वॉटचं आयर्न लावून, सोल्डर पाण्यासारखं पसरेपर्यंत थांबलो. मल्टिमीटर लावला. तार ते जॅक, बीप. हमिंग गेलं.

पण बेस पोराच्या हातात दिला नाही. “मी संध्याकाळी घेऊन येतो. तोपर्यंत तिथल्या अ‍ॅम्पला कुणी हात लावू नका,” एवढंच सांगितलं.

चारच्या सुमारास पोचलो. नुकतीच सर येऊन गेली होती, मंडपाच्या दाराशी चिखल, स्टेजवर ओलसर कारपेट. साउंडवाल्याने मला बघूनच तोंड वाकडं केलं. “काका, आपलं सगळं अर्थिंग ओके आहे. त्याचा बेसच तसा आहे.” त्याचं बोलणं त्याच्या सिस्टिमपुरतं खरं होतं. मिक्सर आणि पॉवर अ‍ॅम्प थेट मेन बोर्डवरून, जाड तीन कोअरच्या केबलवर होते. बेसच्या अ‍ॅम्पला मात्र मंडपवाल्याच्या पोरांनी मागच्या लाइटिंगमधून एक एक्स्टेंशन बोर्ड ओढून दिला होता. बेसच्या स्पीकरसमोर माइक ठेवलेला, त्यामुळे अ‍ॅम्प आणि मिक्सर यांच्यात तारेचा संबंधच नव्हता. तसा असता तर पहिल्याच दिवशी काहीतरी जळून भानगड उघडकीला आली असती.

पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. साधा होल्डर, शून्याचा 15 वॉटचा बल्ब आणि दोन लांब वायरी. निऑनचा टेस्टर अशा वेळी कामाचा नाही. अर्थिंग नसलेल्या कुठल्याही उपकरणाच्या बॉडीवर फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती येते, टेस्टर तिच्यावरही पेटतो, मल्टिमीटरही शंभराच्या आसपास काहीतरी दाखवतो. ती गळती झिणझिण्या आणते, बल्ब पेटवू शकत नाही. बल्ब पेटला तर मागे खरोखरची फेज उभी आहे.

बेस स्टँडवर ठेवला, केबल लावली. अ‍ॅम्पचा स्विच बंद होता, तो बंदच ठेवला. सगळ्यांना लांब केलं. एक टोक माइकच्या जाळीला अडकवलं (ती मिक्सरवरून अर्थला जोडलेली), दुसरं इन्सुलेटेड पकडीत धरून बेसच्या ब्रिजला टेकवलं.

बल्ब पेटला. लुकलुकला वगैरे नाही, देवघरातल्यासारखा व्यवस्थित पेटला. अ‍ॅम्प बंद, बेसचे दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर, आणि चारही तारांवर 230 व्होल्ट. गंमत बघायला आलेली पोरं गप्प झाली. साउंडवाला आधी अ‍ॅम्पच्या स्विचकडे बघत राहिला, मग म्हणाला, “बंद आहे ना तो?”

बोर्डाची पिन भिंतीकडच्या सॉकेटमधून काढली. दोन पिनांची होती. फिरवून उलटी घातली आणि पुन्हा टेकवलं. बल्ब विझलेला. पुन्हा फिरवली, पेटला. एका मंडपात शॉक, दुसऱ्यात नाही, ते यामुळे. त्या दिवशी बोर्ड लावणाऱ्याचा हात कसा पडला यावर सगळं अवलंबून.

मेन बंद करून बोर्ड उघडला. आत दोनच कोअरची वायर. सॉकेट तीन पिनांचं, म्हणून बाहेरून सगळं कायदेशीर दिसत होतं. वरच्या मोठ्या भोकातून, अर्थच्या, एक बोटभर तुकडा खाली न्यूट्रलला मारलेला. लूप! पिन सरळ असली तर अ‍ॅम्पच्या बॉडीवर न्यूट्रल, उलटी पडली तर फेज. मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारी स्विच, असती तर 30 मिलिअँपिअर गळतीला तिने लाइन पाडली असती. ती नव्हती. पोराचे बूट रबरी, कारपेट तोपर्यंत कोरडं, आणि धक्क्याने तो मागे फेकला गेला म्हणून सुटला. हातात माइक आवळून धरला असता तर सुटला नसता.

मंडपवाला आला. माणूस वाईट नव्हता. लूप दाखवला तर म्हणाला, “अहो, अर्थ नसला की तो कीबोर्डवाला ओरडतो, झिणझिण्या येतात म्हणतो. लूप मारला की गप बसतो.” तेही खरंच. पिन सरळ पडली असेल तेव्हा कीबोर्डवाला गप बसत असणार.

मी बोर्ड त्याच्याच हातात दिला आणि त्याच्यासमोर तो तुकडा कापला. अ‍ॅम्प साउंडवाल्याच्या तीन कोअरच्या लाइनवर घेतला. बल्ब पुन्हा लावला, अंधार. मल्टिमीटरवर ब्रिज आणि माइक यांच्यात अर्धा व्होल्टही नव्हता. मग बेस पोराच्या गळ्यात घातला. त्याने आधी एका बोटाच्या पाठीने माइकला चाटून पाहिलं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण मीही तेच केलं असतं. नंतर मला बाजूला घेऊन विचारतो, “काका, वायरलेस घेऊ का? म्हणजे अ‍ॅम्पशी तारच नको.” म्हटलं, घे, चांगलं आहे, तुझा बेस सुटेल. पण अ‍ॅम्पचा ट्रेबल कमी करायला कुणीतरी हात घालणारच.

माझं काम खरं तर तिथे संपलं होतं. पण त्या बोर्डावर खडूने 7 असा आकडा होता. मंडपवाल्याला विचारलं, एक ते सहा कुठे आहेत? चार टेम्पोत होते. तिथेच उघडले, दोघांत तसाच लूप. उरलेले दोन मागच्या गल्लीतल्या मंडळाला दिलेत म्हणाला. तिथे संध्याकाळी लहान मुलांच्या नाचाच्या स्पर्धा होत्या.

तो मोटरसायकल काढेपर्यंत मी पकड आणि बल्ब पिशवीत टाकले. स्टेजवर निवेदकाने गणपतीचं नाव घेऊन सुरुवात केली, पाठोपाठ पोराचा बेस ऐकू आला, आणि आम्ही गेटबाहेर पडलो. त्या दोन बोर्डांपैकी एक ठीक होता. दुसऱ्यात लूप नव्हता, पण अर्थची वायरच नव्हती, आणि त्यावर चालू होता फ्रिज, पाण्याच्या बाटल्यांचा.