गावी परतलो, पण विहिरीवर पाळी मिळायला दीड वर्ष गेलं

पुण्यात १४ वर्षं काढून गावी आलो तेव्हा वाटलं होतं बॅग टाकली की झालं, गाव आपलंच आहे. तसं काही होत नाही. पहिले सहा-सात महिने मी ज्याच्या दारात जाईन तिथं आतून प्लास्टिकची खुर्ची यायची, बाकी सगळे ओट्यावर नाहीतर पायरीवर टेकलेले आणि मी एकटा खुर्चीत. आधी मला तो मान वाटला, खुर्ची पाहुण्याला देतात हे डोक्यात उशिरा शिरलं. आणि प्रश्न ठरलेला, "कधी आलास? किती दिवस हाय सुट्टी?" कायमचा आलोय म्हटलं की समोरचा "बरं बरं" म्हणायचा, आणि त्या बरं बरं वरूनच कळायचं की ह्याला काही पटलेलं नाही.

गावाची खरी शंका बायकोनं माझ्या आधी ओळखली. इतक्या वर्षांनी माणूस अचानक आला म्हणजे जमीन विकायला आला. आणि मी आल्या आल्या काय केलं, तर सातबारा काढला! वडील जाऊन चार वर्षं झालेली, सातबाऱ्यावर मात्र ते अजून जिवंत. (पुढं २०२५ मध्ये सरकारनंच "जिवंत सातबारा" मोहीम काढली, म्हणजे आमच्यासारखी घरं भरपूर असणार.) खरं तर वारसाहक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग भाऊसाहेबांकडे गेलो, तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं पण गावात कोण म्हणतंय. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, अर्ज ऑनलाईन, सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर. दोन शहाण्यांनी सांगितलं की बहिणींची नावं आत्ताच वगळ, नंतर त्रास होतो. अरे पण त्या वारस आहेत, वगळायचं कसं? कुणाला हक्क सोडायचाच असेल तर नंतर स्वखुशीनं हक्कसोडपत्र रजिस्टर करतात. मी तिघांचीही नावं दिली.

नोंद धरली की १५ दिवसांची नोटीस निघते, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. ते १५ दिवस काही नीट झोप नाही. एका संध्याकाळी चुलते आले, आप्पा म्हणतो आम्ही त्यांना. बसले नाहीत, दारातनंच विचारलं, "इकायचा इचार हाय का?" मी म्हटलं, आप्पा, विकायची असती तर नांगरट कशाला केली असती. काही न बोलता गेले. हरकत काही आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि नाव लागलं.

मला वाटलं संपलं. पण पाण्याचं काय? विहीर सामाईक, चार घरांत. सातबाऱ्यावर इतर हक्कात चौथा हिस्सा लिहिलेला आहे, पण आठ दिवसांच्या पाळीत कुठले दोन दिवस कुणाचे हे कुठल्याच उताऱ्यावर नसतं, ते भावकीच्या तोंडी असतं. आमचे दोन दिवस वडील गेल्यापास्नं चुलतभाऊ वापरत होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आमचं रान पडीकच होतं. एक मित्र म्हणाला तहसीलला अर्ज कर. केला असता तर पाणी कदाचित मिळालं असतं, पण भावकी कायमची तुटली असती. आणि तोंडानं मागायला मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोला.

उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचं ठरलं. माझ्या वाटणीचे पैसे देतो म्हटलं तर कुणी हो नाही की नाही नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी पँट घातली आणि सरळ खाली उतरलो. तीन दिवस. खाली आम्ही गाळ भरायचा, वरून यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, ओढायचा, तळाला वारं नाही, पाय मांडीपर्यंत रुतलेला, आणि वरून आप्पा ओरडतायत, "आरं ते फावडं असं धरत्यात व्हय!" आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला बोललं होतं, आणि मला खाली हसू आवरेना. चौथ्या दिवशी चुलतभाऊ, दादा, जाता जाता म्हणाला, "परवापास्नं दोन दिस तुझं. लाईट रातची असंल तर रातचं उठायचं, मग म्हणू नको." बस, एवढंच.

पुढच्याच महिन्यात घोळ केला. रात्रीची लाईट, मोटर चालू केली आणि बांधावर पडलो ते झोपच लागली. माझी पाळी संपून दादाच्या पाळीतले दोन तास पाणी माझ्याच रानात. पहाटे बॅटरी तोंडावर मारून दादा ओरडला, "तुझ्या बापाची हाय व्हय रं विहीर?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "चौथा हिस्सा हाय की."

दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा स्टार्टर जळला, तर रात्री साडेअकराला फोन मलाच, "चल लवकर, आन् बॅटरी घेऊन ये."