मोठी कुंडी नको, सुरी आणा

स्नेक प्लांटची कुंडी एका बाजूने फुगायला लागली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो मोठी कुंडी आणायचा. मला हे कधीच पटलेलं नाही. प्लास्टिकच्या कुंडीला कडेने चीर गेली आणि त्यातून केशरी रंगाचा जाड कोंब बाहेर डोकावायला लागला म्हणजे आत माती फारशी उरलेलीच नसते, सगळा गड्डा आणि मुळं. वरून पाणी घातलं की ते कडेकडेने सरळ खालच्या बशीत, आणि आपण खूश की झाडाला पाणी मिळालं. मोठ्या कुंडीत हलवलं तरी काही वर्षांनी परत तेच, आणि तोवर ती कुंडी उचलायला दोन माणसं लागणार. त्यापेक्षा सुरी घ्या आणि कापा.

कापा म्हटलं की लोकांचा जीव वरखाली होतो. शेतात मात्र यात कुणाला काही वाटत नाही, शेवंतीच्या काश्या काढतात, केळीचे मुनवे काढतात, हळदीचे गड्डे लावतात, परसातला गवती चहा कुणी मागितला तर ठोंबातला एक भाग खुरप्याने उचकटून हातात देतात, झालं. तेच झाड नर्सरीतून पैसे मोजून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आलं की त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. (आमच्या बेळगावात विभागणी म्हटली की लोकांना थेट 1956 सालची राज्यांची वाटणी आठवते आणि मग चहा दोनदा ठेवावा लागतो, त्यामुळे तो विषय इथे नको.)

मी आधी चार-पाच दिवस पाणी बंद करते. मग कुंडी आडवी करून वर्तमानपत्रावर झाड ओढून काढायचं, नाहीच निघालं तर कुंडीच कापायची, तिचं आयुष्य तसंही संपलेलं असतं. माती झटकली की कळतं, वर दहा पानं वेगवेगळी दिसतात पण खाली सगळी एकाच आडव्या खोडाने जोडलेली असतात, आल्याच्या गड्ड्यासारखी. प्रत्येक तुकड्याला निदान एक-दोन पानं आणि स्वतःची मुळं येतील अशी जागा बघून सुरी घालायची, सुरी आधी गरम पाण्याने धुऊन पुसून घ्यायची. कापताना कचकन आवाज येतो, तिथेच निम्मे लोक डोळे मिटतात. कापलेल्या जागेला चुलीची राख लावायची, नाहीतर नुसतं सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यायचं. ओलं तसंच मातीत खुपसलं की कुजलंच म्हणून समजा.

यात गंमत अशी की टोकाचा वाढता कोंब ऑक्सिन नावाचं द्रव्य मागे सोडत असतो आणि त्यामुळे खोडावरचे मागचे डोळे दबून राहतात. खोड कापलं की तो दाब गेला. मग जे डोळे नुसते बसून होते ते फुटायला लागतात, लगेच नाही, महिना-दोन महिने काहीच दिसत नाही, आणि मग मातीतून टोकदार फुटवा वर येतो. खत घालून हे होत नाही.

माझ्या जाऊबाई पान तोडून पाण्यात ठेवणाऱ्यांपैकी. पिवळ्या काठाचं पान ठेवलं, मुळं आली, पिल्लू आलं, आणि मग फोन, "अगं आमचं हिरवंच यायलंय की गं, नर्सरीवाल्यानं फसवलं बघ." नर्सरीवाल्याची काही चूक नव्हती. त्या लॉरेन्टी जातीत पिवळा काठ आणि हिरवा मधला भाग या वेगवेगळ्या गुणाच्या पेशी शेजारी-शेजारी वाढत असतात, नुसत्या पानापासून नवीन रोप येताना ती जोडी टिकत नाही आणि साधं हिरवं येतं. काठ हवा असेल तर गड्ड्यासकट वाटणी, दुसरा रस्ता नाही. हवा शुद्ध करतं म्हणून हे झाड घेणारे पण भरपूर आहेत, पण नासाचा तो 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता आणि आमच्याकडे दारं-खिडक्या दिवसभर सताड उघडी असतात.

वेळ म्हणाल तर वळीव पडून गेल्यावर, मृगाच्या आधी. उकाडा असतो, झाड वाढीला लागलेलं असतं आणि पाऊस लागायच्या आत मुळं धरतात. एकदा इथला पाऊस सुरू झाला की कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे ओल्या जखमेचं काय होणार, म्हणून कुंड्या पत्र्याखालीच ठेवायच्या. माती खानापूरकडची तांबडी आणि त्यात जाड वाळू. गोकाक-अथणीकडची काळी माती पाणी धरून बसते, ती उसाला द्या.

मग प्रश्न उरतो एवढ्या तुकड्यांचं करायचं काय. कापायला बसले की बातमी आपोआप फुटते. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच ओरडतात, "नमगू स्वल्प कोड्री!" म्हणजे आम्हालाही थोडं द्या. त्यांचा तुकडा बाजूला. जाऊबाईंना यावेळी गड्ड्यासकट, परत फोन नको. बाकीच्यांसाठी जिन्यात ठेवते, कारण न विचारता नेलेलं रोप जास्त चांगलं लागतं असं आमच्या गल्लीत सगळेच मानतात, आणि मी पण दुपारी दार लोटून घेते म्हणजे नेणाऱ्याला अवघडायला नको. फक्त कुंडी परत आणून ठेवा असं पुठ्ठ्यावर मराठीत पण लिहिलंय आणि कन्नडमध्ये पण लिहिलंय. रोपं सगळी गेली, कुंडी एकही परत आलेली नाहीय.