घटस्फोटाचा वकील आणि त्याची फी

घटस्फोटाचा वकील शोधताना सगळे विचारतात 'चांगला आहे ना?' पण 'पैसे कसे घेणार' हे विचारायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारायला पाहिजे.

मावसबहिणीच्या केससाठी मी आणि ती मिळून बरेच वकील पालथे घातले. नवरा पुण्यात, ती माहेरी साताऱ्याला. बायको राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो, 2003 पासून कायद्यातच आहे ते. तरी घरचे म्हणे पुण्याचा मोठा वकील करू, आणि त्या मोठ्या वकिलाने फी वेगळी, गाडीचा खर्च वेगळा आणि शिवाय प्रत्येक तारखेचे पैसे वेगळे असं सांगितल्यावर सगळे एकदम गप्प! इथलाच वकील बघायचा ठरलं.

बघायचा कसा तर गुगलवरच्या 'टॉप टेन' याद्या सोडूनच द्या, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची, म्हणजे त्यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, बंदी आहे मग या याद्या कोण बनवतं देव जाणे. आम्ही सरळ कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. कोण फाईल वाचून येतं, कोण नुसती पुढची तारीख मागतं ते अर्ध्या दिवसात कळतं. आणि हो, 'आपले अमुक काका जमिनीच्या केसेस बघतात, ते करतील की' याला नम्रपणे नाही म्हणा.

आता पैसे. तारखेगणिक फी मला अजिबात पटत नाही. तारखा पडत राहिल्या की मीटर चालूच, मग केस लवकर संपवायची घाई कोणाला असणार? म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट असेल तर काम मर्यादित असतं, एक जॉइंट पिटिशन, अटी-शर्ती, आणि मधला सहा महिन्यांचा थांबा, जो 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे योग्य केसमध्ये माफही होऊ शकतो. तेव्हा एकरकमीच ठरवा. आम्हाला याच कामाचे एकाने 30 हजार सांगितले आणि दुसऱ्याने 90, कामात काय फरक ते दोघांनाही सांगता आलं नाही. भांडून चालणारी केस असेल तर टप्प्यांनी द्या, अर्ज दाखल झाला की इतके, पुरावा झाला की इतके, आणि टायपिंग, झेरॉक्स, नोटरी त्यात धरलंय का हेही कागदावर घ्या.

एक महाशय म्हणाले आत्ता काही देऊ नका, पोटगीची रक्कम मिळाली की त्यातले काही टक्के द्या. ऐकायला गोड आहे पण वकिलाला असा वाटा घ्यायला मनाईच आहे, तिथून आम्ही चहासुद्धा न पिता उठलो. पैसे राहिलेत म्हणून वकील तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही हेही लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय.

आणि खिशात काहीच नसेल तर? बाईला कमाई कितीही असली तरी मोफत वकील मिळतो, कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, किंवा 15100 ला फोन करा. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं मावशी म्हणालीच, पण त्या पॅनेलवरचे बरेच वकील तेच असतात जे बाहेर आपल्याकडून फी घेतात. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली केसचा खर्च समोरच्याकडून मागता येतो, आणि तो कमाई नसलेला नवरासुद्धा मागू शकतो बरं का.

शेवटी आम्ही एक वकीलबाई केल्या. पैसे यूपीआयने घेतात, पावती देतात. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक, त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी मागून घेतला, ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आधी काय काय झालं ते घरबसल्या दिसतं, त्यामुळे 'आज काय झालं हो' असा फोन बहीण आता त्यांना करत नाही.