निळी पट्टी

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या चढावर उभं राहून नुसते गुडघे बघत बसावं. निळ्या, गुलाबी, काळ्या पट्ट्यांची मिरवणूकच निघालेली असते. ही किनेसिओलॉजी टेप, म्हणजे दुखऱ्या सांध्या-स्नायूंवर चिकटवायची ताणणारी पट्टी. रंगावरून पट्टीची ताकद ठरते असा एक समज आहे, तो खोटा. काळी पट्टी निळीपेक्षा जहाल नसते, फक्त तिच्यावर मळ कमी दिसतो.

जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात ही पट्टी तयार केली. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्शच्या खांद्यावर ती जगाने पाहिली आणि मग ती गल्लीतल्या मेडिकलपर्यंत आली. रोल साधारण ५ सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब. सुती कापड, त्यात लवचिक धागा, मागे नागमोडी ओळींत लावलेला गोंद. ताणते ती लांबीतच, रुंदीत नाही. जुनी पांढरी, न ताणणारी चिकटपट्टी सांधा जखडून ठेवते. ही तसं काही करत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

आपल्याकडे दुखलं की हात आधी तेलाकडे नाहीतर बामकडे जातो. तिथेच पट्टीचं निम्मं काम बिघडतं. तेलकट किंवा घामट कातडीवर ती तासभरही टिकत नाही. साबणाने धुऊन जागा खडखडीत कोरडी करावी, केस दाट असतील तर कातरावेत. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापावेत. टोकदार कोपरा पॅन्टमध्ये अडकतो आणि तिथूनच सगळी पट्टी उचकटायला लागते.

आता गुडघा. वाटीभोवती दुखत असेल तर खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवायचा. वाटीच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस सेंटिमीटरची एकेक पट्टी आणि वाटीच्या खाली एक आडवी, आखूड. टोकापासून तीन-चार बोटांवर मागचा कागद फाडायचा आणि ते टोक अजिबात न ताणता टेकवायचं. मधला भाग हलका ताणून वाटीला वळसा घालत न्यायचा, शेवटचं टोक पुन्हा सैल. गोंदाला बोट लावायचं नाही, कागद धरूनच पुढे सरकायचं. मग तळहाताने पट्टी चोळायची. तो गोंद उबेने धरतो. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी हे उरकलेलं बरं.

सगळी गडबड होते ती ताणात. जितकी ओढू तितका आधार, असं वाटून लोक पट्टी रबरासारखी खेचतात, तीही टोकापर्यंत. मग ती परत आखडताना टोकाशी कातडी ओरबाडते, खाज सुटते, फोड येतात. तुकडा पूर्ण ताणून पाहावा आणि त्याच्या पाव हिश्शाइतकाच ताण ठेवावा. आडव्या पट्टीच्या मध्यावर फार तर निम्मा.

तीन ते पाच दिवस ती राहते, आंघोळीतही. फक्त पुसताना टॉवेल घासू नये, टिपावा. काढायची घाई मात्र नको. खोबरेल तेल जिरवून दहा मिनिटं थांबावं, मग केसांच्या दिशेने, एका हाताने कातडी मागे दाबत, पट्टी सोडवावी. झटका दिला की केसांबरोबर सालही निघते.

एवढं करून मिळतं काय? संशोधनाचा कौल कोमट आहे. काही दिवसांपुरतं दुखणं जरा कमी होतं, आणि न ताणता लावलेल्या खोट्या पट्टीनेही बरेचदा तेवढाच फरक पडतो. तरी तेवढ्या उसंतीत मांडीचे व्यायाम सुरू करता आले तर पट्टीचे पैसे वसूल. गुडघा सावरतो तो त्या व्यायामांनी. उघडी जखम, लालसर गरम सूज, पायातल्या शिरेत गुठळीची शंका, म्हातारपणाची कागदासारखी पातळ कातडी, अशा ठिकाणी ती लावूच नये. आणि घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर रोल पिशवीतच राहू द्यावा, आधी एक्स-रे काढावा.