मस्कतची कमाई, जुनं खातं

"पोरगा मस्कतला हाय. पैसे माझ्या न् त्याच्या ह्याच जुन्या खात्यात येत्यात," आज खानापुरात बँकेच्या रांगेत पुढच्या मावशी सांगत होत्या. पासबुकात प्रत्येक जमेपुढं पेन्सिलीची बारीक खूण. खर्चापुढं एकही नाही.

तेव्हापासून डोक्यातनं जाईना. नोकरीसाठी परदेशी गेलं की साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. त्याच्या व्याजातून साधारण ३० टक्के टीडीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, जातो. तिकडची कमाई एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या वेगळ्या खात्यात टाकली, तर व्याजावर इथं कर नाही!

मावशींना सगळं समजावलं, खात्यांची नावं कागदावर लिहून दिली. आपल्या सीमाभागातली किती पोरं आखातात राबतात. निघायच्या आधी त्यांना हे कोण सांगतं?